एकाच हाताची दोन बोटं एकाच रात्री जोडली. एक जगलं, दुसरं का गेलं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राधानगरी तालुक्यातल्या घरी वैरण कापताना तुमच्या धाकट्या भावाचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. मधलं बोट पात्यानं कापलं गेलं. तर्जनी आधी रुळात सापडली, ओढली गेली आणि मग तुटली. दोन्ही बोटं पिशवीत घालून, पिशवी बर्फात ठेवून तुम्ही अडीच तासांत कोल्हापूर गाठलंत. रात्रभर ऑपरेशन चाललं आणि सकाळी दोन्ही बोटं गुलाबी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर्जनी निळसर दिसायला लागली, चौथ्या दिवशी काढावी लागली. मधलं बोट आज तीन आठवड्यांनी चांगलं आहे, पण पूर्वीपेक्षा आखूड वाटतंय. मनगटाच्या आतल्या बाजूला टाक्यांची एक वेगळीच जखम आहे, तिच्याबद्दल आधी कुणी काही बोललं नव्हतं. कार्डावर ‘व्हेन ग्राफ्ट’ एवढंच लिहिलंय. डॉक्टर तेच, रात्र तीच, बर्फ तोच. मग तर्जनीची शिवण चुकली का, की आम्हालाच उशीर झाला, असं तुम्ही विचारलंय. शिवाय हाड जुळावं म्हणून बोटात घातलेली तार कधी निघेल, हेही.

मी कोल्हापुरातच प्लास्टिक आणि हाताची सर्जरी करतो. तुमच्या भावाचा हात मी पाहिलेला नाही, ऑपरेशनची सविस्तर नोंद माझ्यासमोर नाही. त्यामुळे त्या रात्री कुणाचं काय चुकलं किंवा बरोबर होतं, याचा निकाल मी देणार नाही. पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे: एक बोट कापलं गेलं आणि दुसरं ओढलं गेलं. माझ्या अनुभवात जोडलेलं बोट टाक्यापाशी क्वचित दगावतं. ते दगावतं टाक्याच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत, जी बाहेरून धड दिसते आणि आतून फाटलेली असते.

आधी उशिराचं बघू, कारण घरच्यांच्या मनाला तेच जास्त लागून राहतं. रक्ताविना सगळ्यात लवकर मरतो तो स्नायू. म्हणून दंडातून किंवा कोपराखालून तुटलेल्या हाताला साध्या तापमानात सहा तासांपलीकडे फारसा वाव नसतो. बोटात स्नायूच नाही. हाड, टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), नर्व्ह (मज्जातंतू), रक्तवाहिन्या आणि कातडी एवढाच संसार. त्यामुळे बोट साध्या तापमानात साधारण बारा तास आणि नीट थंड ठेवलं तर चोवीस तासांपर्यंत जोडण्याजोगं राहतं. तुम्ही अडीच तासांत आणलंत. तर्जनी उशिरानं गेली नाही, हे मी हात न पाहताही सांगू शकतो. उलट तुम्ही बोटं थेट बर्फावर न टाकता पिशवीत घातलीत हे फार चांगलं केलंत. थेट बर्फ लागला तर पेशी गोठून फुटतात, आणि नुसत्या पाण्यात बुडवलं तर बोट पाणी पिऊन फुगतं आणि रक्तवाहिन्यांची टोकं मऊ होऊन हातात येत नाहीत. सलाईननं ओलं करून पिळलेलं स्वच्छ कापड, त्यात बोट, ते प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी बर्फाच्या पाण्यात, एवढं बास. रक्त थांबवायला जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. वाटेत कुठंतरी घाईनं चिमटा लावून धमनी बांधून टाकतात, त्यानं रक्त थांबतं खरं, पण आम्हाला जोडायला हवं असलेलं नेमकं तेच टोक चेपून जातं.

रात्री फोन आला की नातेवाईक पहिल्यांदा वेळ सांगतात. मी पहिल्यांदा विचारतो, “कशानं तुटलं?” कोल्हापूरच्या आसपास या एका उत्तरावरून पुढचं बरंचसं कळतं. ऊसतोडीचा कोयता असेल तर जखम सरळ, धमनीची टोकं स्वच्छ. गुऱ्हाळाच्या चरकात गेलेला हात बहुतेक वेळा लांबपर्यंत चेपलेला असतो, तिथं जोडण्यासारखं फार कमी उरतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून पॉवर प्रेसची केस आली की मी एक्स-रे पाहायच्या आधी काहीच आश्वासन देत नाही, कारण प्रेसचं पंच बारीक असेल तर एक गोष्ट आणि बोथट डाय असेल तर अगदी दुसरी. ट्रॉलीवरून उडी मारताना अंगठी खिळ्यात अडकून बोट सोलून निघालेली माणसंही येतात, आणि दिसायला सगळ्यात साधी वाटणारी ती जखम धमनीच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट असते. कडबाकुट्टीत दोन्ही प्रकार असतात: रूळ ओढतात आणि पातं कापतं. तुमच्या भावाच्या एकाच हातावर दोन वेगळे अपघात झाले, असं म्हणा हवं तर.

आता धमनीचं. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी, तळव्याच्या बाजूला, एकेक धमनी जाते आणि तिला लागूनच नर्व्ह असते. बोटाच्या मुळाशी ही धमनी साधारण एक मिलिमीटर जाड असते, नखाजवळच्या सांध्यापर्यंत ती अर्ध्या मिलिमीटरच्या घरात येते. एवढ्या बारीक नळीलासुद्धा तीन थर असतात. सगळ्यात आतला थर पेशींच्या एकाच पदराचा असतो. तो शाबूत आहे तोवर रक्त त्यावरून न चिकटता वाहत राहतं. तो फाटला की खालचं कोलॅजन उघडं पडतं, त्यावर काही मिनिटांत प्लेटलेट्स चिकटायला लागतात, त्यांच्यावर आणखी चिकटतात, आणि गुठळी तयार होते. मांडीच्या मोठ्या धमनीत असा छोटा चट्टा पडला तर रक्ताच्या जोरापुढे त्याचं काही चालत नाही. एक मिलिमीटरच्या नळीत तोच चट्टा रस्ता बंद करायला पुरतो.

पातं धमनी एका जागी छेदतं. छेदाच्या अलीकडे-पलीकडे एखादा मिलिमीटर भिंत दुखावते, बाकी नळी आहे तशी राहते. रूळ मात्र आधी बोट खेचतो. धमनी ताणली जाते, बाहेरचा थर चिवट असल्यामुळे टिकून राहतो, आणि आतला नाजूक पदर ठिकठिकाणी आडवा चिरत जातो. अखेर कुठंतरी धमनी तुटते, पण ती तुटण्याची जागा आणि भिंत खराब झालेला भाग यांचा संबंध नसतो. तुटकं टोक बोटाच्या मधोमध दिसेल, खराब भाग पार तळव्यापर्यंत गेलेला असेल. नर्व्ह तिसऱ्याच जागी तुटलेली असते. टेंडन तर कधीकधी मनगटाच्याही वरून, स्नायूपासून सुटून लांबच लांब बाहेर आलेलं असतं.

अशा बोटाच्या काही खुणा आम्ही भूल द्यायच्या आधीच शोधतो. बोटाच्या कडेनं कातडीखाली एक लाल रेघ उमटलेली दिसते. धमनीच्या बारीक फांद्या जागोजाग तुटून तिथं रक्त साकळलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे धमनीच वळवळीत, पिळवटलेली दिसणं. ही दोन्ही असली की मी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतो की प्रयत्न करू, पण शब्द देत नाही.

मायक्रोस्कोपखाली पुढचं काम म्हणजे कापणं, आणि याच टप्प्यावर सर्जनची खरी परीक्षा असते. तुटक्या टोकात सलाईन सोडून आत पाहतो. आतल्या थराचे धागे लोंबताना दिसले, भिंतीला चिकटलेली गुठळी धुवूनही सुटत नसली, किंवा भिंतीच्या थरांमध्ये रक्त शिरून ती जांभळट झाली असली, तर तो भाग टाकून द्यायचा. एक मिलिमीटर कापा, पुन्हा धुवा, पुन्हा बघा. आतली भिंत गुळगुळीत आणि मोत्याच्या रंगाची दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. पहाटेचे तीन वाजलेले असतात, दोन्ही टोकं आत्ता सहज जुळतायत, आणखी कापलं तर जुळणार नाहीत हे दिसत असतं, आणि त्या क्षणी ‘चालेल एवढं’ म्हणण्याचा मोह फार मोठा असतो. शिकाऊ डॉक्टरांना मी टाके नंतर शिकवतो, आधी हे कापणं शिकवतो.

कापलं की टोकं लांब जातात. मग दोन मार्ग उरतात, आणि तुमच्या दोन शंकांची उत्तरं तिथंच आहेत. पहिला मार्ग म्हणजे हाड थोडं कापून आखूड करणं. साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर हाड कमी केलं की धमनी, नीला (रक्त परत नेणारी वाहिनी), नर्व्ह, कातडी सगळंच ताण न देता जुळतं. मधल्या बोटाला हेच केलेलं दिसतंय. आखूड बोट दिसायला थोडं वेगळं वाटेल, पण ताणून शिवलेली धमनी एक तर गळते नाही तर आकसते, आणि दोन्हीचा शेवट एकच. तेवढ्या लांबीच्या बदल्यात जिवंत बोट मिळालं, हा सौदा मी डोळे झाकून करीन.

दुसरा मार्ग व्हेन ग्राफ्टचा. ओढलेल्या बोटात खराब भाग इतका लांब असतो की हाड आखूड करून भागत नाही. मग मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला कातडीखाली ज्या बारीक नीला असतात, त्यातला एक तुकडा घेतात. तिथल्याच का? कारण त्यांची जाडी बोटाच्या धमनीशी बऱ्यापैकी जुळते आणि त्यांच्यावाचून हाताचं काही अडत नाही. हा तुकडा उलटा करून बसवावा लागतो. नीलांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला हृदयाच्या दिशेनंच जाऊ देतात. तुकडा सुलटा लावला तर झडपाच वाट अडवतील. भावाच्या मनगटावरची जखम ती हीच. हे तुम्हाला ऑपरेशनआधी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, असं माझं मत आहे. अशा रात्री घरचे आधीच घाबरलेले असतात, आणि सकाळी न सांगितलेली जखम दिसली की विश्वासाला तडा जातो. पण ग्राफ्ट घेतला याचा अर्थ सर्जननं तर्जनीतली खराब भिंत ओळखली आणि ती कापून काढली. आळस करणारा माणूस दोन टोकं ओढून शिवून मोकळा झाला असता. शिवाय ग्राफ्ट म्हणजे एका जोडाच्या जागी दोन जोड, म्हणजे गुठळी व्हायला जागाही दोन. जोखीम तिथंच वाढली होती.

जोडायच्या आधी आणखी एक गोष्ट बघावीच लागते. हाताकडच्या टोकाची क्लॅम्प (धमनी तात्पुरती बंद ठेवणारा चिमटा) क्षणभर सोडली की रक्ताची बारीक चिळकांडी उडाली पाहिजे, चांगली दूरवर. नुसतं ओघळलं तर शिवायला बसायचंच नाही. कधी धमनी आकसलेली असते, तेव्हा ती सैल करायला तिच्यावर लिग्नोकेन किंवा पॅपॅव्हरिन हे औषध टाकून थांबतो. कधी पेशंट गारठलेला असतो किंवा त्याचं ब्लडप्रेशर उतरलेलं असतं, तेव्हा भूलतज्ज्ञाला सांगून ते वर आणतो. ऑपरेशन थिएटरचा एसी बंद करायला लावणारा मी एकटाच सर्जन असेन असं मला आमच्या सिस्टर सांगतात. एवढं करूनही चिळकांडी उडत नसेल तर अजून वर, तळव्याच्या दिशेनं कापायचं.

आता तुमच्या प्रश्नातली शिवण. टोकांवरचा बाहेरचा सैल थर सोलून मागं घ्यायचा, नाहीतर त्याचा धागा नळीत जातो आणि त्याच्यावरच गुठळी धरते. दोन क्लॅम्पच्या जोडीत दोन्ही टोकं समोरासमोर आणायची. धागा टेन-झिरो नायलॉनचा, म्हणजे सुमारे ०.०२ मिलिमीटर जाडीचा, नखाजवळ इलेव्हन-झिरो. नुसत्या डोळ्यांना तो नीट दिसतही नाही, टेबलावर सुई ठेवली तर पुन्हा सापडायची मारामार. पहिले दोन टाके एकमेकांपासून ठरावीक अंतरावर, मग त्यांच्या मधले, मग क्लॅम्प पालथी करून मागची बाजू. एक मिलिमीटरच्या धमनीला सहा ते आठ टाके पुरतात. प्रत्येक टाक्यात सुई भिंतीच्या पूर्ण जाडीतून सरळ जायला हवी. एका टाक्यात मागची भिंत चुकून पकडली गेली तर नळी तिथंच बंद, म्हणून शेवटचे टाके बांधायच्या आधी आत पाहून घेतो. गाठ इतकीच आवळायची की कडा एकमेकींना टेकतील. आवळून बांधलं तर भिंत कापली जाते.

क्लॅम्प सोडली की एखाद्या फटीतून थोडं रक्त येतं, ते थांबतं. बोट आधी पांढरंफटक असतं, मग टोकाकडून हळूहळू गुलाबी होतं. त्यानंतर एक साधी चाचणी असते. जोडाच्या पुढे दोन बारीक चिमट्यांनी धमनी दाबायची, पुढचा चिमटा सरकवत मधला भाग रिकामा करायचा आणि जोडाकडचा चिमटा सोडायचा. रक्त झटकन भरलं तर जोड चालू. त्यावरही वीसेक मिनिटं थांबून पुन्हा बघायचं, कारण वाईट भिंतीवरच्या गुठळीला जमायला तेवढा वेळ लागतो. तुमच्या भावाची दोन्ही बोटं सकाळी गुलाबी होती, याचा अर्थ दोन्हीकडचे टाके चालत होते. शिवण सपशेल चुकलेली असती तर बोट टेबलावरच पांढरं पडलं असतं किंवा पहिल्या काही तासांत.

हे सगळं फार जुनं तंत्र नाही. रक्तवाहिनी तीन टाक्यांच्या आधारानं जोडायची पद्धत ॲलेक्सिस कॅरेलनं १९०२ मध्ये मांडली आणि पुढे १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं, पण ती मोठ्या वाहिन्यांसाठी होती. मायक्रोस्कोपखाली बारीक वाहिन्या जोडायला अमेरिकेत जेकबसननं १९६० मध्ये सुरुवात केली. पूर्ण तुटलेला अंगठा जोडण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी १९६५ मध्ये केलं. म्हणजे तुमच्या आजोबांच्या तरुणपणी असं बोट गेलं असतं तर जगात कुठंच जोडता आलं नसतं.

मग सकाळी गुलाबी असलेली तर्जनी निळी का झाली? पांढरं पडणं आणि निळं पडणं यात मोठा फरक आहे. धमनी बंद पडली तर बोट फिकट, गार आणि सुरकुतलेलं होतं. नख दाबून सोडलं तर रंग परत येत नाही, सुई टोचली तर रक्त येत नाही. निळं, फुगलेलं, दाबल्यावर झटकन रंग भरणारं आणि टोचल्यावर काळं रक्त देणारं बोट सांगतं की रक्त येतंय पण परत जात नाही. उसाच्या शेतात पाटाचं पाणी सोडलंय आणि निचऱ्याची चर बुजलीय, तर काही दिवसांत मुळ्या कुजायला लागतात, तसंच हे. तुम्ही ‘निळसर’ लिहिलंय, म्हणून माझा अंदाज नीलांकडे जातो. पुढे साकळलेलं रक्त मागं धमनीपर्यंत थांबलं की अखेर धमनीही बंद होते, आणि मग बोट काळं पडतं.

बोटाच्या नीला प्रामुख्यानं पाठीच्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली असतात. भिंत धमनीपेक्षा कितीतरी पातळ, पाण्यात पसरवल्याशिवाय तोंड सापडत नाही. एका धमनीमागे दोन नीला जोडाव्यात असा आमचा प्रयत्न असतो. पात्यानं कापलेल्या बोटात त्या मिळतात. रुळानं ओढलेल्या बोटात पाठीची कातडीच सोलवटून निघालेली असते, त्यांची तोंडं चिंध्या झालेली असतात, आणि कधी एकही नीट सापडत नाही. त्यांनाही ग्राफ्ट लावता येतो, पण आधीच तास निघून गेलेले असतात आणि पातळ भिंतीचा लांब ग्राफ्ट बंद पडायला फार कारण लागत नाही.

नीला मिळाली नाही किंवा बंद पडली, तर रक्त बाहेर काढून वेळ काढावा लागतो. नख काढून त्याखालच्या जागेवर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा बोळा ठेवतात, किंवा औषधी जळवा लावतात. जळवा आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून वापरात आहेत. आज हाताच्या सर्जरीत त्या लागतात त्या त्यांच्या लाळेतल्या हिरुडिनसाठी, जे रक्त गोठू देत नाही. मात्र त्या ओढ्यातल्या चालत नाहीत, वैद्यकीय वापरासाठी वाढवलेल्याच लागतात, आणि त्यांच्या पोटातल्या एरोमोनास जंतूंमुळे सोबत अँटिबायोटिक द्यावंच लागतं. हे चार-सहा दिवस रेटायचं असतं, तोवर बारीक नव्या वाहिन्या फुटून रक्ताला वाट मिळते. त्या दिवसांत इतकं रक्त जातं की पेशंटला रक्त चढवायची वेळ येऊ शकते. एका तर्जनीसाठी हे किती ताणायचं, हा निर्णय प्रत्येक सर्जन आपापल्या परीनं घेतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दर तासाला बोट बघितलं जातं ते यासाठीच. रंग, नख दाबून परतणारा रंग, आणि तापमान. बोटाची कातडी तीस अंशांखाली उतरली की धोक्याची घंटा. बदल वेळेत लक्षात आला तर पुन्हा थिएटरमध्ये नेऊन जोड उघडतात, गुठळी काढतात, पुन्हा शिवतात, आणि त्यातून काही बोटं वाचतात. पण हे बदल दिसल्यापासून काही तासांतच करायला हवं. तुमच्या केसमध्ये दुसऱ्या संध्याकाळी नेमकं काय झालं, पुन्हा उघडून पाहिलं का, नसेल तर का नाही, हा प्रश्न तुम्ही त्या डॉक्टरांना जरूर विचारा. रागानं नको, पण विचारा. ओढलेल्या बोटात लांब ग्राफ्टवर पसरलेली गुठळी असेल तर पुन्हा उघडून हाती काही लागत नाही, हेही खरं उत्तर असू शकतं.

एक अवघड प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात असेल: भाऊ तंबाखू खायचा का, ओढायचा का? निकोटिन धमनी आकसवतं, आणि नव्यानं जोडलेली धमनी त्याला जास्तच घाबरते. वॉर्डातल्या पेशंटला भेटायला येणारे त्याच्या पलंगाशी चुना मळताना मी पकडलेत. मिश्रीसुद्धा त्यातच आली, ती लावत असेल तर तीही बंद. आमच्याकडे पहिले काही दिवस चहा-कॉफीही बंद असते आणि खोली उबदार ठेवतो, एसी नाही. पण तंबाखू हेच कारण असतं तर मधलं बोटही सुखरूप राहिलं नसतं, असं मला वाटतं. ते बोट पात्याचं होतं, एवढंच.

तर्जनी जोडायचीच का, असाही एक वाद आमच्यात चालतो. एकटी तर्जनी मुळाकडच्या पेराजवळून तुटली असेल आणि पेशंट मोठा माणूस असेल, तर अनेक हँड सर्जन ती जोडत नाहीत. ताठ, बधिर तर्जनी मेंदू सरळ वगळतो; माणूस चिमूट अंगठा आणि मधल्या बोटानं धरायला लागतो, आणि तर्जनी आडवी येत राहते. अंगठा मात्र कसाही असला तरी जोडायचा प्रयत्न करायचाच, कारण त्याच्यावाचून पकड नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट धरलेली होती, अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. लहान मुलाचं कुठलंही बोट, किंवा एकदम अनेक बोटं तुटली असतील, तेव्हाही जोडण्याकडेच कल असतो. तुमच्या भावाची दोन शेजारची बोटं गेली होती. मधलं वाचेल की नाही हे आधी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही जोडण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. मी असतो तर कदाचित आधी मधलं बोट जोडलं असतं, कारण ते वाचण्याची शक्यता जास्त होती, आणि तर्जनी शीतपेटीत ठेवून तिच्या धडक्या नर्व्ह किंवा नीला मधल्या बोटाला लागतात का ते पाहिलं असतं. पण हे खुर्चीत बसून लिहायला सोपं आहे. प्रत्येक बोटाला तीन-चार तास लागतात आणि त्या रात्रीचा क्रम ठरवणाऱ्याला सगळं समोर दिसत होतं.

आता मधल्या बोटाकडे लक्ष द्या, कारण आता तेच हातात आहे. जोडलेली नर्व्ह दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकते, त्यामुळे बोटाच्या टोकाला जाण यायला महिने लागतील, तोवर चूल, गरम तवा, इस्त्री यापासून जपा. भाजलं तरी कळणार नाही. थंडीत ते बोट झोंबेल, निळसर दिसेल, दुखेल. हे दोनेक वर्षं चालतं आणि हळूहळू कमी होतं, बंद पडण्याची खूण नव्हे. डिसेंबरच्या पहाटे शेतावर जाताना हातमोजा वापरायला सांगा. बोट पूर्ण वाकणार नाही. टेंडन आजूबाजूला चिकटतं आणि पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास हालचाल मिळाली तरी आम्ही समाधान मानतो. हाताची फिजिओथेरपी मनापासून केली आणि काही महिन्यांनी सगळं मऊ पडलं, तर चिकटलेलं टेंडन सोडवण्याचं छोटं ऑपरेशन करता येतं.

तर्जनीचा ठोंब आडवा येत असेल तर तेही नंतर सुधारता येतं, कधीकधी तळव्याचं हाडही काढून हात रुंदीला कमी पण पकडीला चांगला होतो. त्याची घाई नको, भाऊ आधी मधलं बोट किती वापरतो ते बघू दे. पायाचं बोट तर्जनीच्या जागी बसवता येईल का असं पुढे कुणी सुचवेल. अंगठा गेला असता तर मीही ते म्हटलं असतं, एका तर्जनीसाठी नाही.

शेवटचं तुमचं विचारणं तारेबद्दल होतं. हाडातली ती तार साधारण चार ते सहा आठवड्यांनी निघते, पण आठवडे मोजून नव्हे, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसल्यावर. टोक बाहेर दिसतंय म्हणून गावात कुणाकडून ओढून घेऊ नका, ज्यांनी जोडलं त्यांच्याकडूनच काढा. तोवर तारेच्या मुळाशी पू, लालसरपणा किंवा ठणका वाटला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कोल्हापुरात दाखवा.